साडेचारची मालिका आणि नातीचं वाचन

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मराठीतच लिहिणार. इंग्रजी या घरात कुणीही येताजाता वाचतं, माझ्या मराठी अक्षराच्या वाटेला मात्र कुणी जात नाही.

कारण गंभीर आहे. नातीच्या शाळेतून पत्र आलं. नात म्हणजे वय आठ, इयत्ता तिसरी, बांधा गोल आणि उंची बेताची. म्हणून घरात तिला सगळे बटण म्हणतात. (मी विरोध केला होता. आता मीही म्हणते.) बटणचं इंग्रजी वाचन अपेक्षेपेक्षा बरंच मागे आहे म्हणे. चौदा मार्चला चाचणी. तीत जमलं नाही तर शाळा सुटल्यावर रोज साडेपाचपर्यंत खालच्या गटात बसायचं. खालचा गट म्हणजे दुसरीची मुलं.

चिरंजीवांनी पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा बटण टेबलाखाली होती. पेन्सिल पडली होती म्हणे. पंधरा मिनिटं सापडली नाही.

सूनबाई म्हणाली, बसू दे की, तिथे वाचनाच्या खास बाई आहेत. चिरंजीव म्हणाले, नाहीतर ट्यूशन लावू. मी विचारलं, किती घेतात? त्यांनी तासाचा आकडा सांगितला. तेवढ्यात माझं अख्खं कॉन्व्हेंट झालं होतं, बुटांसकट.

मी म्हणाले, घरात मी असताना? चौदा मार्चपर्यंत मुलगी माझ्या ताब्यात द्या. कुणी मधे बोलायचं नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुटकेचा आनंद असावा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वेळापत्रक केलं. जाड मार्करने लिहून फ्रीजवर लावलं. शाळेतून आल्यावर पंधरा मिनिटं दूध-बिस्किट, मग ग्रामर, मग मोठ्याने वाचन, मग डिक्टेशन. टीव्ही बंद. म्हणजे बटणसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. चिरंजीव दर महिन्याला दोनशे चॅनेलांचे पैसे भरतात आणि त्यांतली तीन बघतात, तीही झोपून. पुढच्या महिन्यापासून ते कनेक्शनच काढून टाकायचं, त्या पैशांत पुस्तकं. जेवताना ठराव मांडला. विरोध झाला नाही. कुणी ऐकत नव्हतं हे नंतर कळलं, पण ठराव तो ठराव.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुरुवात उत्तम. नाऊन, प्रोनाऊन, व्हर्ब. आमच्या सिस्टर फूटपट्टी घेऊन उभ्या राहत. मी फूटपट्टी नुसती टेबलावर ठेवते, काळ बदलला आहे.

वाचन तर अपेक्षेबाहेर चांगलं. धडा पहिला बटणने घडाघडा म्हटला, तोही पुस्तकाकडे न बघता. एवढा आत्मविश्वास असलेलं मूल मागे कसं? शाळेच्या बाईंचंच काहीतरी बिनसलंय.

मलाही पुस्तकावर बोट ठेवून सोबत वाचायचं होतं, पण हल्ली छपाई इतकी फिकी करतात की अक्षरांना कडाच राहत नाहीत. शाई वाचवतात. प्रकाशकांना लिहिणार आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेचारला टीव्ही लावला. फक्त काढून टाकायच्या चॅनेलांची यादी करायला. एकावर कुठलीशी परदेशी मालिका चालू होती. भाषा अगम्य, खाली इंग्रजी सबटायटल्स. भारी कोट घातलेल्या, लाल केसांच्या बाईने करड्या कोटातल्या माणसाच्या थोबाडीत मारली.

मी बंद करणारच होते. पण का मारली एवढं कळायला हरकत नव्हती. सबटायटल्स पांढऱ्या अक्षरांत, तीही पांढऱ्या शर्टांवर. हा निव्वळ मूर्खपणा आहे. बटणला विचारलं, काय म्हणाला गं तो?

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, त्याने तिची बॅग उचलली नाही.

मी म्हणाले, त्यासाठी थोबाडीत?

ती म्हणाली, आधी पण नव्हती उचलली.

१० फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार विचार केला आणि आज पद्धत सापडली. इतकी साधी की शाळांना सुचत नाही यात नवल नाही. पुस्तकातली अक्षरं जागच्या जागी बसून असतात, मूल आळशी होतं. सबटायटल्स पळतात, मुलाचे डोळे मागे पळतात. वेग वाढतो.

नियम एकच. वाचायचं मनात, सांगायचं मराठीत, आपल्या शब्दांत. याला सिस्टर कॉम्प्रिहेन्शन म्हणत. पोपटपंचीला जागा नाही.

तेव्हा साडेचार ते सव्वापाच हा आता वाचनाचा तास. वेळापत्रक बदललं. कनेक्शन काढायचा विषय चौदा मार्चपर्यंत तहकूब. तो आता शैक्षणिक खर्च आहे.

सूनबाईला पद्धत सांगितली. ती म्हणाली, आई, तुम्ही सिरियल बघताय का? मी म्हणाले, मी बघत नाही, मी शिकवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालिका अत्यंत सुमार आहे. लाल केसांची, करडा कोट आणि एक म्हातारी एका भल्या मोठ्या घरात राहतात, ज्यात कुणालाही काही काम नाही. एका दाराशी सगळे कुजबुजतात आणि ते दार लावून घेतात. आत काय आहे विचारलं. बटण म्हणाली, बाथरूम आहे, आत कासव आहे. म्हातारीला कळलं तर ती कासव परत करायला लावेल.

एवढी मोठी माणसं आणि कासव लपवतात! उद्या ते म्हातारीला कळतं का पाहिलं पाहिजे. तिचा स्वभाव मला बरा वाटतो. घरात शिस्त हवी म्हणणारी ती एकटीच आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ग्रामर आज राहिलं. गेल्या आठवड्यातही दोनदा राहिलं. पण वाचन इतकं पुढे गेलंय की ग्रामर आपोआप येईल. बटण आता एक क्षण थांबत नाही. माणसाने पडद्यावर तोंड उघडलं की हिचं सुरू. कधी कधी तोंड उघडायच्या आधी.

कासवाला केक खायला घातला. मला पटलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सॅलडवर भांड्यांचं लिक्विड पडलं. बाटली पिवळी, ऑलिव्ह ऑइलचीही पिवळी. कंपन्या मुद्दाम करतात. चिरंजीव म्हणाले, आई, डोळे एकदा दाखवून ये. सूनबाईने लगेच फोन काढला, अपॉइंटमेंट घेते म्हणाली. मी म्हणाले, माझे डोळे ठणठणीत आहेत, लेबलं वाईट आहेत. आणि एवढ्या तेवढ्यासाठी डॉक्टरला द्यायला घरात पैशांचं झाड लागलेलं नाही.

बटणने सॅलड संपवलं. म्हणाली, काही फरक नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजचा भाग विलक्षण. लाल केसांची खिडकीशी उभी. हातात पत्र. पत्राकडे बघते आणि रडते. पाच मिनिटं नुसतं रडणं. मी विचारलं, कुणी गेलं का?

बटण म्हणाली, नाही. तिला ते पत्र वाचता येत नाहीये.

मी म्हणाले, काय? एवढा कोट घालते, गाडी चालवते आणि वाचता येत नाही?

ती म्हणाली, अक्षरं ओळखता येतात. पण एकत्र आली की हलतात.

मी म्हणाले, मग कुणाला तरी सांगावं ना तिने.

ती म्हणाली, तिला वाटतं सगळे हसतील.

मी म्हणाले, हसतीलच. घोडी झाली एवढी.

बटणला त्यानंतर तहान लागली. स्वयंपाकघरात गेली ती जाहिराती संपेपर्यंत आली नाही.

लेखकाला माणसं कळत नाहीत. वाचता न येणारं माणूस इतके दिवस लपवेल कसं? घरातल्यांना दिसणार नाही का?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

व्हायचं तेच झालं. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, करड्या कोटाने जाहीर केलं की लाल केसांच्या बाईला आता खालच्या गटात बसावं लागेल. त्या देशात मोठ्या माणसांचेही गट असतात असं दिसतं. ती उठून गेली.

मला जेवण गेलं नाही. हसतील म्हणणं वेगळं आणि चारचौघांत अपमान करणं वेगळं. हा करडा कोट स्वतःला समजतो कोण? त्याचं वाचन कुणी तपासलंय का?

बटणला विचारलं, आता ती काय करणार? ती म्हणाली, माहीत नाही आजी, उद्याचं अजून लिहून आलं नाही.

समंजस मुलगी आहे.

३ मार्च, सोमवार

चॅनेलला पत्र लिहिलं. तेहतीस वर्षं मी विमा कंपनीच्या तक्रार विभागात काढली, शेवटची अकरा प्रमुख म्हणून. तक्रारीला उत्तर कसं द्यावं हे मला कळतं, म्हणून तक्रार कशी करावी हेही कळतं. तीन पानं. आवाज चढवलेला नाही. वाचता न येणाऱ्या स्त्रीला लहान मुलांबरोबर बसवण्यात कोणतं मनोरंजन आहे, असं विचारलं आहे. कासवाच्या आहाराबद्दल एक वेगळा परिच्छेद. शेवटी, सदर स्त्रीला तातडीने वरच्या गटात घेण्यात यावं.

बटणला मजकूर मराठीत सांगितला. तिने दोनदा सांगायला लावला. मग म्हणाली, आजी, तू तिच्या बाजूने आहेस?

मी म्हणाले, मी न्यायाच्या बाजूने आहे.

पाकिटावर तिकीट तिने लावलं. तीन लावली.

५ मार्च, बुधवार

खालच्या मजल्यावर निवृत्त डेंटिस्ट राहतात. माझ्याच वयाच्या, दात मात्र सगळे स्वतःचे, आणि ते दाखवायची हौस. जिन्यात भेटल्या. त्याही साडेचारची मालिका बघतात. मी सहज म्हटलं, कासवाचं काही खरं नाही.

त्या म्हणाल्या, कुठलं कासव?

मी म्हणाले, बाथरूममधलं.

त्या म्हणाल्या, अहो, ती तिजोरीची खोली आहे. हॉटेलच्या हिश्श्यावरून भांडण चाललंय ना त्यांचं.

मी म्हणाले, कुठलं हॉटेल?

पुढे त्या काय काय बोलत राहिल्या. म्हणे करडा कोट वकील आहे. म्हणे लाल केसांच्या बाईला पत्र आलं ते मेलेल्या नवऱ्याचं, तो मेलाच नव्हता. म्हणून रडत होती. माणूस एकटा राहिला की असं होतं. डोळ्यांसमोर एक चालू असतं आणि डोक्यात दुसरंच. त्यांच्या मुलीला कुणीतरी फोन केला पाहिजे.

संध्याकाळी सूनबाईला सांगितलं, डेंटिस्टबाईंचं लक्षण ठीक नाही. ती म्हणाली, कालच त्यांनी मला पूर्ण शब्दकोडं सोडवून दाखवलं. मी म्हणाले, सुरुवातीला असंच असतं.

११ मार्च, मंगळवार

उत्तर आलं! आठ दिवसांत. आमच्या वेळी एकवीस लागत. जाड कागद, वर सोनेरी छाप, मजकूर मुंगीच्या पावलांसारखा. भिंग घेतलं, तेही खराब झालेलं आहे, मधे ढग दिसतो. तेवढ्यात बटण आली. सरावही होईल म्हणून तिच्या हातात दिलं.

तिने पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. उलटून मागे पाहिलं. मग म्हणाली, ते म्हणतात, सॉरी.

मी म्हणाले, आणखी?

म्हणाली, आम्ही चुकलो. आम्ही तिला वरच्या गटात घेऊ. तुमच्या आजी खूप हुशार आहेत.

मी म्हणाले, असं लिहिलंय? मला पत्र आणि माझ्याच आजी?

ती म्हणाली, म्हणजे तुम्ही खूप हुशार आहात.

तेहतीस वर्षांत मी एकाही तक्रारदाराला सॉरी लिहिलं नव्हतं. तेव्हा आम्ही असं काही करायचो नाही. पण चूक कबूल करायला मोठेपणा लागतो. पत्र फ्रीजवर लावलं, वेळापत्रकाच्या वर.

साडेचारला लाल केसांची जिना चढून वर जात होती. बटण म्हणाली, बघ, चालली वरच्या गटात.

एका पत्राने परदेशातली मालिका बदलली. चिरंजीवांना सांगितलं. ते मोबाइलमध्ये होते.

१३ मार्च, गुरुवार

उद्या चाचणी. मला कसलीही चिंता नाही. जी मुलगी पळत्या सबटायटल्स वाचते, तिला शाळेचं पुस्तक म्हणजे चेष्टा. बक्षीस म्हणून काय आणायचं याचा विचार करते आहे. शाळेच्या बाईंना पद्धत लिहून द्यायलाही हरकत नाही, अर्थात विचारलं तर.

बटणच्या पोटात दुखतंय. आधी उजवीकडे, मग डावीकडे. विचारत होती की शाळा अचानक बंद पडू शकते का? पाइप फुटला वगैरे. मी म्हणाले, घाबरायचं काय त्यात, टीव्हीसारखं वाच.

ती म्हणाली, टीव्हीसारखंच?

मी म्हणाले, अगदी तसंच.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी दोन.

बाईंचा फोन सूनबाईला ऑफिसात गेला. सूनबाईचा मला आला. बाईंनी पान एकतीस उघडून दिलं. बटणने घडाघडा म्हटलं, हावभावांसकट. पान बाराचा मजकूर, म्हणजे धडा पहिला. बाईंनी पान बदललं. तिने पुन्हा पान बाराच म्हटलं. मग बाईंनी तीन शब्दांची एक ओळ दिली. त्यावर बटणने एका कासवाची गोष्ट सांगितली.

धादांत अन्याय. मुलीला घाबरवलं असणार. सूनबाईला म्हणाले, आज साडेचारच्या आत घरी ये, तुझ्या डोळ्यांनी बघ, मग शाळेत जाऊन मी एकेकीला बघते.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.

सूनबाई आली. पर्स खांद्यावरच ठेवून सोफ्याच्या कडेवर बसली. मी बटणला मधे बसवलं आणि टीव्ही लावला. लाल केसांची करड्या कोटाशी बोलत होती, हात नाचवून. मी म्हणाले, हं, चल.

बटणने दोन्ही पाय सोफ्यावर घेतले.

मी म्हणाले, आईसमोर लाजतेस काय, सांग, काय म्हणतेय ती?

बटण पायांच्या बोटांकडे बघत बसली. करडा कोट बोलला. लाल केसांची बोलली. पुन्हा तो. मग सूनबाईनेच वाचलं, हळू आवाजात. हॉटेलचा तिसरा हिस्सा माझ्या नावावर करा, नाहीतर मी कोर्टात जाईन.

मी म्हणाले, ते आज असेल.

सूनबाई उठली. पाणी प्यायला आत गेली आणि फ्रीजपाशी थांबली. चॅनेलचं पत्र तिने तिथल्या तिथे वाचून दाखवलं. आपल्या पत्राबद्दल आभार. आपण वर्णन केलेला एकही प्रसंग आमच्या मालिकेत नाही. तिच्यात कोणतेही गट नाहीत, कासवही नाही. आपल्या प्रकृतीस हार्दिक शुभेच्छा.

प्रकृतीस शुभेच्छा. हे वाक्य मला माहीत आहे. ते मीच आमच्या विभागात सुरू केलं होतं. पोलिसांना कळवावं लागेल इतके वेडे नसलेल्या लोकांसाठी होतं.

सूनबाई म्हणाली, आई, पाच आठवडे रोज शेजारी बसून बघत होता. खाली काय लिहिलंय ते तुम्हाला दिसत नव्हतं?

मी म्हणाले, दिसत होतं.

बटणने माझ्याकडे पाहिलं. मी बटणकडे पाहिलं.

१५ मार्च, शनिवार

बटणशी एकटीने बोलले. रागावायचं ठरवलं होतं, मुद्देही काढले होते. विचारलं, येत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, तू म्हणालीस ना, आपल्या शब्दांत सांग.

मी मुद्द्यांचा कागद घडी घालून ठेवला.

मग म्हणाली, आणि तुला आवडत होतं.

चोवीस फेब्रुवारीचं पान काढून पाहिलं. मी तिला काय म्हणाले होते ते तिथे लिहिलेलं आहे. जाड मार्करने लिहिलंय, त्यामुळे वाचता येतं. पान फाडणार होते, पण वही शिवलेली आहे, दुसऱ्या बाजूचंही निघून येतं.

बक्षिसाचं काही ठरलं नाही. बिस्किटांचा पुडा दिला. तिने मला अर्धा परत दिला.

१८ मार्च, मंगळवार

सूनबाईने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर अगदी पोरगेला, अनुभव नसणार. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वाचा म्हणाला. मी पाचव्या ओळीपर्यंत अस्खलित वाचला. बाहेर थांबले असताना माझ्या आधीच्या गृहस्थांनी तोच वाचला होता, दार उघडं होतं आणि माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं आहे.

डॉक्टर म्हणाला, छान, पण आजी, तक्ता मी बदललाय.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बराच पिकलेला. आधी उजवा, सात एप्रिलला. तो म्हणाला, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सूनबाईने सात एप्रिल फोनमध्ये टिपून घेतलं. गाडीत बसल्यावर तिने माझा पट्टा लावून दिला. बकल सापडत नव्हतं असं नाही, लावत होतेच.

येताना जिन्यात डेंटिस्टबाई. कासव कसं आहे, विचारलं. मी म्हणाले, परत केलं.

२४ मार्च, सोमवार

आजपासून बटण खालच्या गटात. सकाळी बूट घालायला वीस मिनिटं घेतली. एकेक नाडी चार वेळा. मी दारात उभी होते, काहीतरी बोलायचं होतं. तिचा डबा भरला आहे की नाही ते विचारलं. भरलेला होता.

साडेतीनला दूध गरम केलं, मग लक्षात आलं. पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं. ग्रामरचं पुस्तक उघडून पाहिलं. बंद केलं.

साडेचारला टीव्ही लावला. एका खोलीत तीन माणसं होती. एक बोललं, दुसरं बोललं. खाली पांढरं पांढरं काहीतरी येऊन गेलं. लाल केसांची उठून दुसऱ्या खुर्चीत बसली. पंचेचाळीस मिनिटं मी हेच पाहिलं.

पाच पस्तीसला बटण आली. दप्तर जमिनीवर, बूट पॅसेजमध्ये, मोजा एकच सापडला. मी कसं झालं विचारलं. म्हणाली, बरं झालं. ती बुटकी असल्यामुळे तिसरीतली आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाई ओळीखाली कागदाची पट्टी धरायला देतात, मग अक्षरं कमी हलतात. चार ओळी झाल्या.

मी म्हणाले, चारच?

मग म्हणाले, चार म्हणजे बऱ्याच आहेत.

दूध घेऊन ती माझ्या शेजारी सोफ्यावर चढली आणि म्हणाली, आजी, आज काय झालं?

मी म्हणाले, कशात?

ती म्हणाली, त्यात.

मी सांगितलं. लाल केसांची बाई पुन्हा खालच्या गटात गेली. कुणी पाठवलं नाही, तिने स्वतःच मागून घेतलं. तिथल्या खुर्च्या जास्त बऱ्या आहेत आणि खिडकी मोठी आहे. करड्या कोटाला तिथे प्रवेश नाही. बरंच काही सांगितलं.

तिने विचारलं, तिथे तिला कुणी हसलं का?

मी म्हणाले, पूर्वी एक म्हातारी हसली होती. तिचं आता कुणी ऐकत नाही.

बटण म्हणाली, म्हातारीला काढू नकोस पण. तिला राहू दे.

मी म्हणाले, बघते काय लिहून येतं ते.

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी जवळून, आधी एका डोळ्यात मग दुसऱ्या. म्हणाली, आजी, एवढं सगळं तू वाचलंस?

मी म्हणाले, दूध थंड होतंय.